गल्लीच्या तोंडाशी

जालना रोडवरचा एखादा चौक तुंबायला लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात पहिली मागणी उड्डाणपुलाची होते. महावीर चौक, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको बसस्थानक, असे एकामागून एक पूल झाले. पुलावरून जाणाऱ्यांचा वेळ वाचला हे खरं. पण पुलाखाली काय चाललंय ते कुठल्याही संध्याकाळी सेव्हन हिल्सला जाऊन बघा. चारही बाजूंनी वळणाऱ्या गाड्यांचा गुंता आहे तसाच आहे, कारण सरळ जाणारा मुळात अडत नव्हता. अडतो तो वळणारा, आणि त्यातही उजवीकडे वळणारा. पुलाच्या खर्चाच्या मानाने चिल्लर म्हणावी एवढ्या पैशांत या उजव्या वळणाचा बंदोबस्त करता येतो. त्यासाठी लागतो पांढऱ्या तबकडीचा, लाल कडेचा, काळ्या बाणावर लाल तिरकी रेघ मारलेला एक फलक, खाली चार-सहा मीटरचा काँक्रीटचा कट्टा आणि कुठलं वळण बंद करायचं याचा नीट विचार. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ, म्हणून हा लेख.

मी आयुष्यभर स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली. वाहतुकीचा विषय आला की पहिल्या तासाला फळ्यावर एक साधी चौफुली काढायची आणि मुलांना सांगायचं, प्रत्येक बाजूने येणारी गाडी डावीकडे, सरळ आणि उजवीकडे जाईल अशा रेघा मारा. मग जिथे जिथे दोन रेघा भेटतात, फुटतात किंवा एकमेकींना छेदतात तिथे लाल खडूने ठिपका. ठिपके होतात बत्तीस. त्यातले आठ गाड्या वेगळ्या होण्याचे, आठ एकत्र येण्याचे आणि सोळा एकमेकांना आडवं जाण्याचे. हे शेवटचे सोळा सगळ्यात धोक्याचे, कारण तिथे धडक बसते ती कुशीवर. मग फडक्याने चारही उजवी वळणं पुसून टाकायची आणि पुन्हा मोजायचं. बत्तिसाचे बारा उरतात, आणि आडवं जाण्याचे सोळा ठिपके चारवर येतात. टी पॉइंटला तर याहून जास्त फरक पडतो. तिथे मुळात नऊ ठिपके असतात. मधला दुभाजक सलग केला आणि गल्लीतल्या गाडीला फक्त डावीकडून आत, डावीकडून बाहेर एवढीच मुभा ठेवली, तर उरतात दोन. दोन्हींत गाड्या एकाच दिशेने चाललेल्या असतात, समोरून कुणी आडवं येत नाही. घासाघीस होईल, पण जीव सहसा वाचेल.

सिग्नलचंही तसंच आहे. चार बाजूंना आळीपाळीने हिरवा द्यायचा आणि पूर्ण फेरी १२० सेकंदांची ठेवायची म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीस सेकंद. त्यातही प्रत्येक बदलाच्या वेळी पिवळा, मग पहिल्या गाडीची सुरुवात, असे तीन-चार सेकंद कुणाच्याच कामाचे नसतात. उजवी वळणं काढून टाकली की समोरासमोरच्या दोन बाजू एकाच वेळी सोडता येतात, चारऐवजी दोन पाळ्यांत काम होतं आणि वाया जाणारा वेळ निम्म्यावर येतो. वाहतूक पोलिसाला गर्दीच्या वेळी उजवं वळण बंद करावंसं वाटतं ते याच अनुभवातून. त्याने पुस्तक वाचलेलं नसतं, पण चौकात उभं राहून त्याला ते कळलेलं असतं.

म्हणूनच जालना रोडवर दुभाजकातले कट बंद करणं, चौकात बॅरिकेड लावून गाड्या यू टर्नकडे पाठवणं हे प्रकार आपल्याला नवीन नाहीत. आकाशवाणी चौकाचं उदाहरण घेऊ, कारण तो चौक मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. त्रिमूर्ती चौकाकडून, म्हणजे जवाहर कॉलनी आणि गारखेड्याच्या बाजूने तुम्ही जालना रोडला आलात आणि तुम्हाला सिडकोकडे जायचंय. हे उजवं वळण. ते बंद केलं तर काय करायचं? डावीकडे वळायचं, मोंढा नाक्याच्या दिशेने जायचं, तीन लेन कापत उजव्या कडेला यायचं, यू टर्न घ्यायचा आणि आलो त्याच चौकासमोरून पुढे जायचं. नकाशावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात डावीकडून उजव्या कडेला सरकताना मध्ये बस येते, शेअर रिक्षा थांबलेली असते, मागून उड्डाणपुलाकडे जाणारा वेगात असतो. यू टर्नच्या ठिकाणी दुभाजकाला पोट दिलेलं नसेल तर बसला एका दमात वळता येत नाही, ती रस्ता अडवून मागेपुढे करत राहते. चौकातून काढलेला गुंता अशा वेळी थोडा पुढे नेऊन ठेवलेला असतो, एवढंच.

शिवाय माणूस हिशेब करतो. यू टर्न अर्धा किलोमीटर पुढे असेल तर जाऊन-येऊन एक किलोमीटरचा वळसा, ताशी तीसच्या वेगाने दोन मिनिटं. उलट्या बाजूने गेलं तर चाळीस-पन्नास मीटर. बहुतेक दुचाकीवाले काय निवडतात हे सांगायची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने उलट दिशेने गाडी चालवणं सरळ धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात टाकलं आहे. शिक्षा असावीच. पण ज्या चौकात शेकडो माणसं रोज तीच चूक करतात तिथे आखणीही तपासायला हवी. यू टर्न इतका लांब नको की उलटं जाण्याचा मोह व्हावा, आणि इतका जवळही नको की तीन लेन कापायला जागाच मिळू नये.

तरी माझा खरा मुद्दा जालना रोडचा नाही. चौकात उजवं वळण बंद झालं की उजवीकडे जाणारी सगळी माणसं डावीकडे वळून शहाण्यासारखी यू टर्नला जात नाहीत. त्यातली बरीचशी चौकात पोचतच नाहीत. ती आधीच्याच एखाद्या गल्लीत शिरतात. त्रिमूर्ती चौकाकडून येणाऱ्याला हे सहज जमतं. जवाहर कॉलनीतल्या कुठल्याही बोळातून पूर्वेकडे निघालं की तो गजानन महाराज मंदिराकडून सेव्हन हिल्सला येणाऱ्या रस्त्यावर पोचतो. तिथून सेव्हन हिल्सच्या पुलाखाली उजवीकडे वळला की झालं. त्याचा वेळ वाचला. चौकाची आकडेवारीही सुधारली, कारण चौकात गाड्या कमी मोजल्या गेल्या. त्या गाड्या गेल्या कुठे, याची मोजणी कुणी करत नाही.

त्या कुठे जातात ते मी माझ्या फाटकातून पाहते. आमची गल्ली दोन मोटारी एकमेकींना चाटून जातील एवढी रुंद. पूर्वी डांबराचा खडबडीत रस्ता होता, गाड्या आपोआप हळू जायच्या. सिमेंटचा रस्ता झाला, चांगला झाला, आणि वेग वाढला. मग लोकांनी स्वतःच सिमेंट कालवून गतिरोधक घातले. एक इतका टोकदार की स्कूटरचं पोट घासतं, दुसरा झिजून आता फक्त दिसायला उरलाय. सकाळी शाळेच्या वेळी काय होतं पाहा. डाव्या बाजूला स्कूल व्हॅन थांबलेली, तिच्यामागे आजोबा नातवाचं दप्तर धरून उभे, समोरून शेअर रिक्षा, रिक्षाच्या मागे हॉर्न वाजवणारी मोटार. मोटारवाल्याचं या गल्लीत कुणीही राहत नाही, काहीही काम नाही. त्याला चौकातला सिग्नल चुकवायचाय. तो रिक्षाच्या उजवीकडून तोंड काढतो. आजोबा नातवाला मागे खेचून नालीच्या झाकणावर चढतात. रोज हेच. अपघात झाला नाही म्हणून कुठल्याच नोंदीत हे येत नाही, पण त्या गल्लीतली आई मुलाला समोरच्या दुकानात एकटं पाठवायचं बंद करते, आणि म्हातारी माणसं संध्याकाळी फिरायला जाण्याऐवजी गच्चीवर फेऱ्या मारतात.

म्हणून मी म्हणते, वळणबंदीची सुरुवात चौकापासून न करता गल्लीच्या तोंडापासून करावी. आधी गल्लीतून आरपार जायची वाट मोडायची, मग चौकातलं उजवं वळण बंद करायचं. आपण आजवर क्रम उलटा ठेवला, आणि दुसरी पायरी तर कधी गाठलीच नाही. आपल्याकडे वळणबंदीचा उपयोग मोठ्या रस्त्याचा वेग वाढवायला झाला. वस्तीला वाचवण्यासाठी ती वापरावी, असा विचारच फारसा झालेला नाही.

जगात तो बराच आधी झाला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जायला बंदी केली. जायचंय? जरूर जा, पण बाहेर पडा, वर्तुळाकार रस्त्याने फिरा आणि दुसऱ्या बाजूने आत या. पायी, सायकलीने आणि बसने मात्र थेट जाता येत होतं. कुठलंही घर, कुठलंही दुकान मोटारीला बंद झालं नाही; बंद झाला तो फक्त मधून जाण्याचा मार्ग. व्यापाऱ्यांनी जोरात विरोध केला. योजना टिकली, आणि आज ते शहर सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जातं. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये साधारण तीच रीत उचलली. बार्सिलोनात २०१६ साली पोब्लेनोऊ वस्तीत नऊ चौकोनी ब्लॉकचा एक मोठा गट करून आतल्या प्रत्येक कोपऱ्यावर सरळ जाण्याची मनाई केली. मोटार आत शिरली की तिला वळावंच लागतं, पुन्हा वळावं लागतं आणि ती ज्या बाजूने आली जवळपास त्याच बाजूला बाहेर पडते. घरापर्यंत जाता येतं, आरपार जाता येत नाही. आत वेग ताशी दहा किलोमीटर. मोकळ्या झालेल्या चौकांत बाकं आणि झाडांच्या कुंड्या आल्या.

आपल्या शहराला यातलं काही उचलायला अगदी नव्याने सुरुवात करावी लागणार नाही. सिडकोचा नकाशा काढून पाहा. १९७० च्या दशकात आखणी सुरू झालेली ही वस्ती एन-१ पासून एन-१३ पर्यंत गटांत विभागलेली आहे. गटाच्या कडेने रुंद रस्ते, आत अरुंद रस्ते, रो हाउस, मध्ये बाग. आखणाऱ्यांच्या मनात हेच होतं, की जड आणि लांबची वाहतूक कडेने जावी आणि आतल्या रस्त्यावर मुलांनी खेळावं. ही आखणी कागदावर उत्तम आहे, फक्त आतल्या रस्त्यांची तोंडं सगळीकडून उघडी राहिली. एन-५, एन-६ च्या आतून कॅनॉट, बजरंग चौक, टीव्ही सेंटर अशा वाटा लोकांनी शोधून काढल्या आणि आतले रस्ते हळूहळू कडेच्या रस्त्यांसारखे वाहू लागले. प्रत्येक गटाला दोन-तीन ठिकाणी डावीकडून आत-डावीकडून बाहेर असे कट्टे बांधले आणि आतले समोरासमोरचे रस्ते एकमेकांच्या उलट दिशेने वनवे केले, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ जाण्याची वाटच उरणार नाही. एकही घर पाडायला नको, एक फूट जागा संपादन करायला नको.

जुन्या शहराचं गणित वेगळं आहे आणि तिथे मी घाई करणार नाही. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली तेव्हापासून तिथले रस्ते पायी माणसासाठी, फार तर घोड्यासाठी आणि बैलगाडीसाठी. सिटी चौक, रंगार गल्ली, मछली खडकच्या गल्ल्यांत डावं-उजवं शिकवण्याआधी गाडी आत सोडायची की नाही हाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपण दर दिवाळीत देतोच. खरेदीच्या गर्दीत पैठण गेट, टिळक पथ, गुलमंडी, औरंगपुरा या भागात मोटारी थांबवल्या जातात. त्या दिवसांत दुकानदाराचा गल्ला रिकामा राहतो असं मी तरी ऐकलेलं नाही. बाई-माणसं बिनघोर रस्त्याच्या मधून चालतात, लहान मुलाचा हात सुटला तरी काळजाचं पाणी होत नाही. व्यापाऱ्यांशी बोलणी करायची तर युरोपातल्या शहरांपेक्षा हा त्यांच्याच दारातला अनुभव पुढे ठेवावा.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण दुचाकीची. परदेशात अडथळ्यामध्ये सायकलसाठी फट ठेवतात. आपल्याकडे सायकल जाईल तिथून मोटारसायकल जाणारच. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जावी म्हणून फट हवीच, तेव्हा दुचाकी पूर्ण थांबवता येणार नाही, हे मान्य करून चालावं. मोटारी, टेम्पो, शेअर रिक्षा, व्हॅन थांबल्या तरी गल्ली पुष्कळ मोकळी होते. शिवाय फटीतून जाताना दुचाकीला वेग कमी करावा लागतो. दुसरी अडचण रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची. कट्टा दहा-बारा सेंटिमीटर उंच, कडा उतरती आणि मधले खांब काढता येण्यासारखे ठेवले की जड गाडी त्यावरून जाते. अग्निशमन दलाला आधी विचारायचं आणि त्यांची मोठी गाडी एकदा प्रत्यक्ष आणून फिरवायची. कागदावरच्या वळणावर विसंबायचं नाही. तिसरी अडचण पायी चालणाऱ्याची, आणि ती आमच्या विषयाची पुस्तकं फार सहज विसरतात. उजवं वळण बंद झालं की सरळ वाहतुकीचा वेग वाढतो, कट बंद झाला की रस्ता ओलांडायची जागा जाते. मग बायका हातात पिशव्या घेऊन दुभाजकाच्या जाळीवरून पाय टाकतात. तेव्हा गाडीला कट बंद केला तरी माणसाला तिथे सपाट वाट, झेब्रा पट्टे आणि थांबायला जागा ठेवलीच पाहिजे. फ्री लेफ्टच्या बाबतीतही हेच सांगेन. सतत वाहणारं डावं वळण ओलांडणं म्हाताऱ्या माणसाला लाल-हिरव्या सिग्नलपेक्षा अवघड जातं.

बॅरिकेडबद्दल एक स्पष्ट मत. लोखंडी बॅरिकेड सरकतं. सकाळी पोलीस लावतो, दुपारी कुणीतरी दोन फूट ढकलतो, संध्याकाळी त्यातून टेम्पो जातो आणि आठवड्यात लोकांना कळतं की हा नियम कुणी मनावर घेतलेला नाही. प्रयोगापुरतं बॅरिकेड ठीक. निर्णय झाला की काँक्रीटच हवं. आणि फलक चौकाच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. उजवीकडे वळता येणार नाही हे माणसाला आधीच्या चौकात कळलं पाहिजे, म्हणजे तो तिथेच योग्य रस्ता धरेल. बंद वळणाचा लाल कडेचा फलक आणि पर्याय दाखवणारा निळा गोल फलक हे दोन्ही एकत्र लागतात. एक नाही म्हणतो, दुसरा कुठे जायचं ते सांगतो. आपल्याकडे पहिला कधीमधी दिसतो, दुसरा शोधावा लागतो.

कायद्याची वाट मोकळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ ने सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा सोयीसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. कलम ११६ चिन्हं उभारण्याचं, ११९ ती पाळण्याचं. कलम ११५ मध्ये एक छोटीशी सोय आहे, तिच्याकडे मी प्रत्येक नगरसेवकाचं आणि कॉलनीच्या प्रत्येक समितीचं लक्ष वेधेन. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर तो राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणजे कायद्याने आपल्याला प्रयोगासाठी महिनाभर दिलेला आहे.

या महिन्याचा उपयोग करायचा तर मी त्रिमूर्ती चौक आणि जालना रोड यांच्यामधल्या गल्ल्या घेईन. वाळूच्या गोण्या आणि रंगवलेले ड्रम ठेवून कट्ट्याचा आकार करायचा, काँक्रीट नंतर. पूर्वेकडे जाणाऱ्या दोन सरळ वाटा मधल्या कोपऱ्यावर तोडायच्या. आतल्या घरांना आधी घरोघर कागद द्यायचा, त्यावर तुमच्या घरी यायचा आणि जायचा नवा रस्ता काढलेला. सेव्हन हिल्स आणि आकाशवाणी, दोन्ही ठिकाणी सिग्नलच्या वेळा बदलायच्या, कारण गल्लीतून परत आलेल्या गाड्या तिथेच येणार आहेत, आणि त्यांना जागा न देता गल्ली बंद केली तर पहिल्याच दिवशी ओरड होईल. मोजणी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी करायची, सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. गाड्या मोजायच्याच, पण पायी चालणारी माणसं, सायकलवरची मुलं आणि रस्ता ओलांडायला थांबावं लागलेले सेकंदही मोजायचे. हे काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्यावं. ते आनंदाने करतात, हे मी पाहिलं आहे. प्रयोगाच्या आधीचा आठवडा आणि प्रयोगाचा शेवटचा आठवडा, दोन्ही शाळा सुरू असतानाचेच हवेत. मे महिन्यातली किंवा दिवाळीच्या सुट्टीतली मोजणी पुढे आली तर कॉलनीच्या समितीने ती स्वीकारू नये आणि मोजणी नव्याने करून मागावी.